रनिंग लाइट नाही हो!

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर चाळिशीतला एखादा गृहस्थ "४०१७ द्या," म्हणतो, तेव्हा दुकानदार मान वर न करता विचारतो, "रनिंग लाइट का?"

"सिक्वेन्सर. मॉड्युलर सिंथसाठी."

"तेच ते," म्हणत दुकानदार पुडी बांधतो.

दुःख हे, की दुकानदार चुकत नाही. ५५५ या आयसीने ठोके द्यायचे आणि ४०१७ ने आपल्या दहा पायांवर पाळीपाळीने व्होल्टेज चढवायचं. याच सर्किटावर गणपतीच्या मखरातले दिवे पळत आले. या गृहस्थाने नववा आउटपुट रीसेटला जोडून पायऱ्या आठ केल्या आणि दर पायरीला एक पॉट बसवला, इतकंच. पॉट देईल तेवढं व्होल्टेज, व्होल्टेज म्हणेल तो सूर. एका व्होल्टला एक सप्तक. सर्किटापेक्षा जॅक आणि नॉबच महाग पडतात. घरी मात्र तो फक्त आयसीची किंमत सांगतो.

खरी परीक्षा सूर लावताना. पॉट फिरतो ३०० अंश आणि तेवढ्यात बसवायची पाच सप्तकं. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला जेमतेम ५ अंश! शुद्ध गंधार लावायला जावं तर मध्यम लागतो, मागे यावं तर कोमल गंधार. क्लॉकची वायर काढून, श्वास रोखून हे चाललेलं असताना आई चहा घेऊन येते. ती टेबलाशी आली की दिवे सैरावैरा धावतात.

"मला बघून का रे घाबरतं हे?"

"क्लॉकचा पाय मोकळा आहे, आई. जरा लांब उभी राहा ना!"

पाहुण्यांना पाण्याआधी इतिहास मिळतो: मूग ९६० सिक्वेन्सरवर आठ पायऱ्यांच्या तीन ओळी होत्या, १९६९ साली संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. तो इतक्या आपुलकीने सांगतो, की ट्यूडर याचे मामा असावेत.

मग वादन. आठ सूर वाजतात. पुन्हा तेच आठ. पाहुणे केरव्याचा ठेका धरतात, थोड्या वेळाने सोडतात.

"पुढे?"

"पुढे हेच. आता फिल्टर उघडतो, ऐका."

तेच आठ सूर, पण नाक मोकळं झालेले.

"छान आहे," पाहुणे चपला शोधत म्हणतात.

"थांबा, सोळा पायऱ्यांचा करायला घेतलाय! त्यात पहिला सूर इतक्या लवकर परत येत नाही."