हवेचा घोळ

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत कुणाची दुसरी किक फुकट गेली की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडते. तिसऱ्या किकेला काका खाली. अंगात बनियन, हातात लांब स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रू पिळायला नाही. टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. डॉक्टर ‘श्वास घ्या’ म्हणतात, काका ‘रेस दे’ म्हणतात.

असे काका बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत दर सोसायटीत एक असतातच. दोन असले तर त्यांचं आपसांत बोलणं बंद असतं. दुरुस्ती हे मेकॅनिकचं हलकं काम. यांचं काम निदान, आणि तेही भारदस्त. प्लग काळा पडलाय एवढंच सांगायला काका कशाला? ‘क्रँक उघडावा लागेल’ हे ते पत्रिकेत मंगळ सापडल्यासारखं सांगतात.

त्यांची स्वतःची जावा ताडपत्रीखाली आहे. झाकली तेव्हा मुलगी शाळेत होती, आता नातू शाळेत जातो. निदान केव्हाच झालंय, पार्ट तेवढे राहिलेत. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, हे ते घरातलं माणूस गेल्यासारखं सांगतात. (पार्ट हल्ली मिळतात, हे त्यांच्यासमोर काढायचं नाही.)

तर मी वडिलांची 1984 ची येझदी बाहेर काढली. भांडुपच्या एका गॅरेजात इंजिन पूर्ण उतरवलं. बोअर मारला, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइल सील सगळं नवं, वर टाकीला रंग. गिअरचाच दांडा वर फिरवून किक मारली की गाडी लगेच सुरू. पण ऐरोली पुलाच्या मध्यावर आली की गुदमरायची आणि बंद.

काका दर रविवारी मागच्या सीटवर बसू लागले. गाडी बंद पडली की पहिलं काम ठरलेलं: टाकीचं झाकण काढायचं, गाडी हलवायची, आतली खळखळ ऐकायची. “पेट्रोल आहे.” मग निदान. पहिल्या रविवारी पॉइंट. व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावली. किक मारली, सुरू! दुसऱ्या रविवारी कंडेन्सर. “तापला की बसतो.” बदलला, सुरू! तिसऱ्या रविवारी स्क्रूड्रायव्हर कानावरून हलेना. “सील हवा ओढतंय. टू-स्ट्रोकचं पोट हवाबंद लागतं. जादा हवा गेली की इंजिन तापतं, पिस्टन पकडतो. उघड इंजिन.”

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, हीच पंचाईत. काका चुकीचं बोलत नाहीत. चुकीच्या गाडीबद्दल बरोबर बोलतात. आणि मलाही ते पटत होतं. एवढं बिल भरल्यावर बिघाडही तोलामोलाचा हवा असं वाटतंच.

चौथ्या रविवारी काका लग्नाला गेले होते. पुलावर मी एकटा, खाली खाडीतली तिवरं. नेमानं गाडी बंद पडली. काकांची सवय म्हणून झाकण फिरवलं आणि ऐकू आलं, फुस्स! झाकण उलटं केलं. आत नवं वायसर: गॅरेजातल्या पोरानं जुन्या ट्यूबमधून कापलेलं, मध्ये भोक न ठेवता, अख्खं. झाकणाचं हवेचं बारीक छिद्र त्याखाली बुजलेलं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. ती येईना, म्हणून टाकी भरलेली आणि कार्बोरेटर उपाशी. काका झाकण उघडत, टाकी श्वास घेई, आणि श्रेय कंडेन्सरला जाई.

मधोमध भोक पाडलेली ती चकती संध्याकाळी काकांना नेऊन दाखवली. त्यांनी ती दिव्याकडे धरली, भोकातून आधी दिव्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“मी काय म्हणत होतो? हवा!”

“काका, तुम्ही म्हणालात हवा जादा जातेय. इथं जातच नव्हती.”

“जादा-कमी हा तपशील झाला. घोळ हवेचाच ना? चल, खाली चल.”

गाडी पहिल्या किकेत सुरू झाली. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. हळूहळू कपाळाला आठी पडली.

“बरं झालं वेळेत बोलावलंस,” ते म्हणाले. “चेनच्या बाजूचं बेअरिंग.”