भिंत न हलवता खोली वाढवणाऱ्याला

प्रति,
मापावर हाताने आकडा टाइप करणारे अनामिक ड्राफ्ट्समन महाशय,

विषय: बेडरूमच्या मापावर तुम्ही टाइप केलेला ३०५०

महाशय,

तुमचे नाव मला ठाऊक नाही. टायटल ब्लॉकमधले ‘ड्रॉन बाय’ आणि ‘चेक्ड बाय’ हे दोन्ही रकाने तुम्ही रिकामे ठेवलेत. पण तुमचा हात मी ओळखते. पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या प्लॅनमध्ये रेष २९१५ मिलिमीटरची आहे आणि तिच्यावरचा आकडा ३०५० सांगतो. एका विटेलाही न शिवता तुम्ही खोली १३५ मिलिमीटरने, म्हणजे सव्वापाच इंचांनी रुंद केलीत. इतक्या स्वस्तात खोली वाढवणे आजवर कोणत्या गवंड्याला जमले आहे?

तुमच्या त्या आकड्याचे पुढे काय झाले, ते तुमच्यापर्यंत कोणी पोचवले नसेल, म्हणून सांगते. सुताराने ३०५० वरून हिशेब मांडला. वॉर्डरोब ६०० खोल, समोरच्या भिंतीला टेकलेला पलंग १९८० लांब, मध्ये ४७० मिलिमीटरची वाट. वॉर्डरोबचे प्रत्येक शटर ४५० रुंद. म्हणजे शटर पूर्ण उघडेल आणि तरी बोटभर जागा उरेल. त्याचा हिशेब चोख होता. प्रत्यक्षात भिंती उभ्या होत्या त्या २९१५ वर, त्यामुळे वाट उरली ३३५ मिलिमीटरची. शटर अर्धेमुर्धे उघडले की पलंगावर आदळते. लॅमिनेट लावून, बिजागऱ्या बसवून तयार झालेली शटर्स उतरवावी लागली आणि त्यांच्या जागी सरकती शटर्स बसवावी लागली. घरमालक जोडपे तेव्हा जुन्या घराचे भाडे आणि नव्या घराचा हप्ता, दोन्ही भरत होते. तुमच्या पाच सेकंदांच्या टायपिंगचे बिल त्यांनी भरले. सुताराने बोलणी खाल्ली. तुम्हाला कोणी काही विचारले नाही.

हे प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा सगळ्यांचे एकमत झाले होते: सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. ड्रॉइंगच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचे आहे, कारण त्यात माणूस कुठेच येत नाही. म्हणून मी एकेक संशयित तपासला.

पहिला संशय एककांवर. इंचांतली फाइल मिलिमीटरमध्ये आणताना घोळ झाला, तर माप २५.४ पटींनी फुगते किंवा आक्रसते. खोली सव्वापाच इंचांनीच चुकणार नाही, ती एकतर मैदान होईल नाहीतर काडेपेटी. दुसरा संशय प्रिंटच्या स्केलवर. स्केल चुकले की कागदावरची प्रत्येक रेष त्याच प्रमाणात चुकते, पण छापलेला आकडा बदलत नाही. इथे तर आकडाच खोटा होता. तिसरा संशय डायमेन्शन स्टाइलमधल्या ‘डिमएलफॅक’ या गुणकावर. तो १ सोडून दुसरे काही असेल, तर त्या स्टाइलमधली सगळी मापे एकदम खोटी बोलू लागतात. तो १ च होता आणि शेजारच्या खोलीची मापे बिनचूक होती. चौथा संशय ‘डिमआरएनडी’वर, म्हणजे मापे जवळच्या पाचावर किंवा दहावर आणणाऱ्या सेटिंगवर. त्याने दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतील, १३५ नव्हे. पाचवा संशय फाइल बिघडल्याचा. ‘ऑडिट’ चालवले, चुका निघाल्या शून्य.

मग त्या मापावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे एकाखाली एक दोन ओळी होत्या. ‘मेजरमेंट’ २९१५. ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ ३०५०. महाशय, सॉफ्टवेअरने खरे माप कधीच पुसले नव्हते. तुमच्या आकड्याच्या आड ते शाबूत होते. ज्याच्यावर सगळे खापर फुटत होते, त्यानेच तुमच्या विरुद्धची साक्ष जपून ठेवली होती.

बाहेरचे एकूण माप बदलायलाही तुम्ही विसरलात. २९१५ ची बेडरूम, १५० ची भिंत आणि ३६०० ची शेजारची खोली मिळून ६६६५ होतात, आणि बाहेरच्या मापावर ६६६५ च छापलेले आहे. तुमचा ३०५० खरा मानला तर बेरीज ६८०० येते. खोटे बोलायचे तर निदान बेरीज तरी जुळवायची!

आता तुमच्या गुन्ह्याचे खरे स्वरूप सांगते, कारण तुम्ही ते ‘छोटीशी दुरुस्ती’ समजत असाल. एका ड्रॉइंगचे वाचणारे दोन प्रकारचे असतात. पहिला वाचणारा साइटवर उभा असतो: गवंडी, सुतार, टाइल्सवाला, सुपरवायझर. त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते की कागदावर फूटपट्टी ठेवून मोजायचे नाही, लिहिलेले मापच प्रमाण मानायचे. ‘डू नॉट स्केल’ ही सूचना याच कारणासाठी जवळजवळ प्रत्येक शीटवर छापलेली असते. दुसरा वाचणारा थेट फाइल उघडतो: थ्री-डी मॉडेल करणारा, मॉड्युलर किचनचा कारखाना, क्वांटिटी काढणारा अंदाजपत्रकवाला. तो रेषा पकडून मोजतो, आकड्याकडे बघतही नाही. तुम्ही आकडा आणि रेष यांची फारकत केलीत, की हे दोघे एकाच फाइलवरून दोन वेगवेगळी घरे बांधू लागतात. दोघेही आपापल्या कामात प्रामाणिक असतात आणि दोघांचे काम एकमेकांत बसत नाही. चुकीची रेष काढणारा निदान दोघांना एकच चूक देतो. ती सापडते आणि दुरुस्तही होते. तुमच्या आकड्यानंतर मात्र खरे काय, रेष की आकडा, हे फाइल पाहून कोणालाच सांगता येत नाही. साइटवर जाऊन टेप लावावी लागते. आणि इमारत अजून उभी राहिलेली नसेल, तर टेप लावायची कशाला?

ज्या सोयीवर तुम्ही पाणी ओतलेत, तिच्यासाठी माणसे किती वर्षे राबली, हेही ऐका. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. पडद्यावरच्या रेषांना एकमेकींशी नाती देता येतात, एक रेष हलवली की तिच्यावर अवलंबून असलेल्या रेषा आपोआप जागेवर येतात, हे त्यांनी करून दाखवले. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू ऑफिसच्या माळ्यावर गेले. ऑटोकॅड २००२ मध्ये मापे वस्तूंशी खऱ्या अर्थाने बांधली गेली: भिंत सरकवा, माप स्वतःहून बदलते. तुम्ही मापावर डबल क्लिक करून चार अंक टाइप केलेत आणि ती बांधणी एका फटक्यात निकामी केलीत. यापुढे ती भिंत कोणी फूटभर सरकवली तरी तुमचा ३०५० जागचा हलणार नाही. पहिल्या रिव्हिजनमध्ये तो खोटा होता, पाचव्या रिव्हिजनमध्येही तितक्याच ठामपणे खोटा राहील.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. ‘क्लायंटला दहा फुटी बेडरूम सांगितली होती.’ दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, म्हणून तुमचा ३०५०. खोली दहा फुटी हवी असेल तर भिंत सरकवायची असते. भिंत सरकवली की शेजारची खोली कमी होते, दरवाजाची जागा बदलते, खिडकी पुन्हा मधोमध आणावी लागते, एरिया स्टेटमेंट नव्याने करावे लागते. तेच तुमचे काम होते. ‘सकाळी प्रिंट द्यायची होती.’ म्हणून सकाळी खोटी प्रिंट दिलीत. ‘पाच इंचांनी काय होते?’ काय होते ते शटर पलंगावर आदळताना या घरातल्या माणसांनी पाहिले. आणि पैशांत हवे असेल तर तेही ऐका. खोलीची लांबी ३३५० आहे. रुंदीतल्या १३५ मिलिमीटरचे क्षेत्रफळ होते ०.४५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५ चौरस फूट. चौरस फुटाचा दर १०,००० रुपये धरला, तर एका खोलीत ४८ हजारांहून अधिक रुपयांची हवा विकली गेली.

कार्पेट एरिया म्हणजे काय, हे २०१६ च्या रेरा कायद्याने स्पष्ट केले आहे: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळून, पण आतल्या पार्टिशन भिंती धरून, प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. घर घेणाऱ्याच्या हातात हेच एक नेमके माप आहे. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे ‘सुपर बिल्ट-अप’च्या गोलमालाशी झुंज दिली. तुम्ही तो गोलमाल मागच्या दाराने पुन्हा घरात घेतलात.

मापाजवळ काही लिहावेच लागते असे प्रसंग येतात, हे मला मान्य आहे. त्यासाठी प्रामाणिक रस्ते आधीपासून आहेत. मापाच्या मजकुरात <> ही खूण ठेवा आणि तिच्या पुढे ‘टिपिकल’ किंवा ‘क्लिअर’ जे लिहायचे ते लिहा. त्या खुणेच्या जागी खरे माप दिसत राहते आणि भिंतीबरोबर बदलत राहते. एखादा भाग प्रमाणाबाहेर दाखवावाच लागला, तर त्याच्या मापाखाली रेघ ओढण्याचा तांत्रिक चित्रकलेतला जुना संकेत वापरा. वाचणाऱ्याला लगेच कळते की ही रेष मोजायची नाही. रेव्हिटमध्ये तर मापाच्या जागी नुसता आकडा टाइप केला की प्रोग्राम सरळ नकार देतो आणि वर्णनाचे शब्द लिहा म्हणतो. तिथेही तुमच्या जातकुळीचे लोक न दिसणारे एखादे अक्षर आकड्याला चिकटवून पहारा चुकवतात, हेही मला माहीत आहे. इतकी मेहनत भिंत सरकवण्यात का घालत नाही?

हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण म्हणजे तुमच्या फाइली ज्यांच्या हाती पडतात, त्यांना तुम्हाला पकडता यावे. मित्रांनो, दुसऱ्या ऑफिसमधून आलेल्या फाइलमध्ये काम सुरू करण्याआधी ऑटोकॅडमध्ये ‘क्यूसिलेक्ट’ उघडा. डायमेन्शनचे एकेक प्रकार घ्या आणि ज्यांचा ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ रिकामा नाही अशी मापे वेगळी काढा. एक्सप्रेस टूल्समधली ‘डिमरीअसॉक’ ही कमांड झाकलेल्या मापांना त्यांचे खरे आकडे परत देते. पण ती चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा आणि खोटे आकडे कोणते होते, त्याची यादी करून पाठवणाऱ्याकडे लेखी खुलासा मागा. मापे ‘एक्सप्लोड’ केलेली असतील तर हा शोध निष्फळ ठरतो, कारण तेव्हा माप हे माप उरतच नाही. सुट्या रेघा आणि सुटा मजकूर तेवढा उरतो. तिथे ‘डिस्ट’ने एकेक रेष मोजण्याला पर्याय नाही. आणि ज्याने सगळी मापे एक्सप्लोड करून पाठवली, त्याने ती का केली, हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

घर घेणाऱ्यांना यातली एकही कमांड लागत नाही. प्लॅनवरची आतली मापे आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज करा आणि ती बाहेरच्या एकूण मापाशी ताडून पाहा. मग फर्निचरची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक खोली टेपने किंवा लेझर मीटरने मोजा, दोन्ही दिशांनी, भिंतीला प्लास्टर झाल्यावर. सुताराला कागद देऊ नका, साइटवरचे माप द्या.

आणि महाशय, शेवटचे तुम्हाला. प्लॅनवरचा आकडा वाचणाऱ्या गवंड्याला आणि सुताराला तुमची फाइल उघडून खातरजमा करण्याची सोय नसते. त्यांच्याकडे विश्वासाखेरीज दुसरे काही नसते आणि तुम्ही नेमक्या त्याच विश्वासावर टाइप केलेत. रेष चुकली असेल तर रेष बदला. रेष बरोबर असेल तर आकड्याला हात लावू नका. आणि मालक, बिल्डर किंवा बॉस यांच्यापैकी कोणी ‘तेवढे दहा फूट करून टाक’ म्हणाले, तर भिंत कुठे सरकवू, एवढाच प्रश्न त्यांना विचारा.

तुमच्यासारख्यांच्या फाइली निस्तरणारी,
एक इंटिरियर डिझायनर