एक व्हिला, एक कुटुंब

दुबई महापालिकेने २००८ च्या सुमारास 'एक व्हिला, एक कुटुंब' अशी मोहीम काढली. एका व्हिलात अनेक बिऱ्हाडं सापडली की वीज-पाणी बंद! शारजातही कादिसिया वस्तीतून बॅचलर मंडळींना हलवण्याचे आदेश निघाले. हेतू सात्त्विक: कुटुंबांच्या वस्तीत कुटुंबांनीच राहावं.

आता आपला खेडचा गडी घ्या. घरी बायको, दोन पोरं, म्हातारे आईबाप. दुबईत मात्र तो बॅचलर. बायकोपोरांना आणायचं तर पगार हवा चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायची सोय. तेवढा नाही, म्हणून कुटुंब खेडला. कुटुंब खेडला, म्हणून कुटुंबांच्या गल्लीत मज्जाव.

मग उरते बेडस्पेस. दुमजली लोखंडी खाट, भोवती पडदा, खाली बॅग, उशाशी चार्जर. जून २०२५ मध्ये दुबईने रिग्गा, मुरक्काबात, सतवा भागातल्या अशा बेकायदा पार्टिशनांवरही हत्यार उपसलं. आगीचा धोका खराच. पण स्वस्त खोली कुठे मिळते, ते काही नोटिशीत लिहीत नाहीत.

गंमत म्हणजे एसी दुरुस्तीला, बागेला पाणी घालायला, बिर्याणी पोचवायला हेच बॅचलर त्याच गल्लीत दिवसभर चालतात. अडचण फक्त रात्रीची. तेव्हा महापालिकेने आता बॅचलरांच्या झोपेवरच बंदी घालावी. घरांचा प्रश्न मिटेल आणि ओव्हरटाइमही फुकटात होईल!