सोवळ्यातली जावा

रविवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा कुणीतरी गेलं असणार, अशी आमची खात्रीच झाली. आमच्या वयात सव्वासहाचे फोन त्याच कामाला येतात. पलीकडे मेहुणे होते आणि त्यांचा गळा दाटून आला होता.

'दाजी, जुळलं हो! सगळं जुळलं!'

भाचीसाठी दोन वर्षं स्थळं बघणं चालू आहे. मी आनंदानं विचारलं, 'किती गुण?'

'गुण कसले घेऊन बसलात! इंजिन नंबर आणि चेसिस नंबर. दोन्ही आरसीबुकाशी तंतोतंत!'

मेहुण्यांनी १९७० सालची जावा घेतली, ही बातमी मला कळली ती अशी. भोरकडच्या एका गावात, गोठ्यात, कडब्याखाली ती मिळाली. गोठ्यात सापडलेल्या गाडीला जुन्या गाड्यांच्या भक्तमंडळींत स्वयंभू मूर्तीचा मान असतो. एखाद्याकडून चालती गाडी रोख पैसे मोजून घेतली, तर ती जयपूरहून आणलेली संगमरवरी मूर्ती. दिसायला छान, पण नवसाला पावत नाही. या जावाच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. मालक आधी म्हणाला होता, 'न्या की, जागा तरी मोकळी होईल.' पण मेहुण्यांनी शेणातच गुडघे टेकले, टाकीवरचा बिल्ला रुमालानं पुसला, त्याच रुमालानं डोळे पुसले, आणि आपल्या गोठ्यात काहीतरी आहे हे मालकाला उमगलं. त्यानंतर जो भाव ठरला तो मेहुण्यांनी माझ्या कानात सांगितला. वहिनींना अजून सांगितलेला नाही. वहिनींना त्यांनी फक्त एवढंच ऐकवलं, की १९५५ सालची एक मर्सिडीज २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोला गेली, तसल्या दोनच बनल्या होत्या; 'त्या मानानं आपली स्वस्तात पडली.'

साधा माणूस गाडी बघून 'किती देते?' असं विचारतो. हे लोक विचारतात, 'ओरिजिनल आहे का?' टाकीच्या कडेची सोनेरी रेघ हातानं ओढलेली की चिकटवलेली, यावरून दोन सख्खे मित्र वर्षभर बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. हॉर्न ओरिजिनल हवा, स्पोक ओरिजिनल हवेत, गंजसुद्धा त्या काळातला असेल तर उत्तम. कुण्या मिस्त्रीनं मधल्या काळात दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर बसवला असेल, तर गाडी बाटली. मग तिचं शुद्धीकरण. त्यासाठी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात पथारीपथारीवर उकिडवं बसायचं, मुंबईला गेलं तर चोरबाजारात चक्कर मारायची, आणि टेललॅम्पची जी काच पूर्वी पोरं विटीनं फोडत होती, ती मुलीच्या बांगड्यांच्या भावानं कापसात गुंडाळून आणायची.

आमच्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, डोळ्यांत लेन्स आहेत, छातीत स्टेंट आहे. या ओरिजिनलच्या हिशोबानं ते जुन्या गाड्यांच्या कुठल्याच रॅलीत बसत नाहीत. मी तसं म्हणालो तर ते म्हणाले, 'पण मला चालता येतं. तिला येतं का विचार.'

सासऱ्यांना या प्रेमाचं कोडं उलगडत नाही, कारण त्यांनी या गाड्या तरुणपणी वापरलेल्या आहेत. १९७२ साली चेतक स्कूटर आली. पुढे तिच्यासाठी नंबर लावायचा आणि मुलगा शाळेत गेला की आपण शोरूममध्ये जायचं, असा हिशोब होता. दहा-दहा वर्षांची यादी असे. परदेशातल्या नातेवाइकानं डॉलर भरले तर स्कूटर लवकर मिळे, म्हणून त्या काळात अमेरिकेतल्या भाच्याची चौकशी जरा जास्त प्रेमानं होत असे. नंबर लागला की काही हुशार लोक गाडी ताब्यात न घेताच वर पैसे घेऊन 'ऑन'मध्ये विकून टाकत. मोटारीची कथा वेगळी नव्हती. वालचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीत, कुर्ल्याला, इटलीच्या फियाटची ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं बारसं होऊन ती पद्मिनी झाली. गंमत बघा: राणी मेवाडची, चेतक घोडाही मेवाडचा, आणि दोन्ही जन्माला येत होते ते कुर्ल्यात आणि आकुर्डीत. नावं युद्धाची असली तरी लढाई गिऱ्हाइकालाच करावी लागे.

म्हणजे काय, तर खंडाळ्याचा घाट. मे महिन्यात घाटाच्या कडेला ओळीनं गाड्या उभ्या, बॉनेट वर, जणू सगळ्यांनी एकदम आ केलाय. त्या काळातली कुठलीही मोटार घ्या. उन्हात इंजिनाच्या पेट्रोलपंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग कुटुंबप्रमुखानं प्यायच्या पाण्यात पंचा भिजवायचा, पिळायचा, आणि तापलेल्या पंपावर ठेवायचा, तापात पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मुलांनी तोवर कैऱ्या खायच्या. पाऊण तासानं गाडी सुरू झाली की सगळ्यांनी 'मोरया' म्हणायचं. स्कूटर असेल तर ती बंद पडल्यावर एका अंगावर आडवी करायची, पुन्हा उभी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा आणि बायकोला पदर सांभाळून फुटपाथवर उभं राहायला सांगायचं. हे सगळं करताना गाडीला जे शब्द वापरले जात त्यांत 'क्लासिक' हा शब्द नव्हता.

आणि सोय होताच याच पिढीनं त्या गाड्या वजनावर विकल्या. मारुती आली तशा अंगणातल्या पद्मिनी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे परत गेल्या. म्हणजे माहेरीच म्हणायच्या.

म्हणून तर २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. शेवटची टॅक्सी नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला. वीस वर्षं भरली, मर्यादा संपली, विषय संपला. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी व्हॉट्सॲपवर गहिवर काढला त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखतो. ही माणसं स्टेशनाबाहेर पद्मिनी उभी असताना, 'नको, एसी नाहीये', म्हणून मोबाइलवरून दुसरी गाडी बोलावत होती.

असो. जावाकडे येऊ.

नाना पेठेतल्या एका बोळात मेहुण्यांचे मिस्त्री आहेत. सत्तरीचे, पण कानानं अजून प्लगमधला दोष ओळखतात. गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला, बॅटरीच्या पेटीखालचा एक डाग अंगठ्यानं चोळला आणि म्हणाले, 'हे वेल्डिंग माझं आहे.'

मेहुण्यांचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र खुलले. हीच गाडी पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास त्यांच्याकडे आली होती. गावातला कुणी दूधवाला होता. पहाटे तीनला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून निघायचा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांप्रमाणे हिचं वायरिंग सहा व्होल्टचं, उजेड पुरेना, म्हणून मिस्त्रींनी सगळं बारा व्होल्टवर नेलं होतं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. 'एका किकला सुरू व्हायची, साहेब. पावसातसुद्धा.'

'ते सगळं काढा', मेहुणे म्हणाले.

'काय काढू?'

'बारा व्होल्टचं. मला म्हैसूरहून निघाली तशी हवी आहे.'

जावा मुळातली चेक. यानेचेक नावाच्या गृहस्थांच्या आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावाची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली हे नाव झालं. आपल्याकडे इराणी कुटुंबानं १९६१ पासून ती म्हैसूरला बनवली आणि पुढे तिलाच येझदी म्हटलं. १९९६ ला कारखाना बंद झाला. हा इतिहास मेहुण्यांनी मिस्त्रींना उभ्यानं ऐकवला. मिस्त्रींनी तो पूर्ण ऐकला, कारण पान्याला लागलेलं ग्रीस पुसायला तेवढा वेळ लागतोच. मग म्हणाले, 'कंपनीनं दिली तशी राहिली असती ना साहेब, तर केव्हाच तराजूवर गेली असती. आम्ही हात लावला म्हणून तुम्हाला सापडली.'

माझ्या मते विषय इथेच संपायला हवा होता. पण पंथात मिस्त्रीचं मत धरत नाहीत. पंथात मत असतं त्याचं, ज्यानं इंग्लंडमधून छापील मॅन्युअल मागवलंय. मिस्त्रींनी बारा व्होल्टचं सगळं सामान उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि फळीवर मारुतीच्या तसबिरीमागे ठेवलं.

आठ महिन्यांनी जावा तयार झाली. खोटं कशाला बोलू, देखणी झाली होती. मरून रंग, टाकीच्या अंगाला क्रोम, गुडघे टेकायला रबरी गाद्या, एक सिलिंडर पण दोन सायलेन्सर. गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की किकचा दांडा होतो, ही करामत मेहुण्यांनी मला एकोणीस वेळा करून दाखवली. विसाव्या वेळी गाडी सुरू झाली. धुरानं सोसायटीतल्या दोन बाल्कन्यांची दारं लागली. संध्याकाळी दिवा लावला. अर्थातच सहा व्होल्टचा. निरांजनाचा उजेड त्याहून बरा. दिवा लागलाय की नाही हे बघायला काडी ओढावी लागली.

मग सरकारी नोंदणी. १५ जुलै २०२१ ला केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले आहेत. गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी, चेसिस-इंजिनात बदल नको, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरपाटीवर 'व्हीए' ही दोन अक्षरं. इथपर्यंत ठीक. पुढचं वाचून सासरे खुर्चीत सावरून बसले. ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन किंवा रॅली असेल तर आणा. आणि पेट्रोल भरायला व दुरुस्तीला न्या. म्हणजे मंडईतून मेथीची जुडी आणली तर नियमभंग, पण पेट्रोल भरायला जाऊन यावं, तेवढ्यात ते संपावं, पुन्हा भरायला जावं, हे कायदेशीर. दुरुस्तीची सवलत तर ज्यानं लिहिली त्याच्याकडे नक्कीच एखादी जुनी गाडी असणार. इतका अनुभवसिद्ध नियम मी दुसरा वाचलेला नाही.

जानेवारीत रॅली झाली. मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीपुढे दोरी आणि 'हात लावू नये'. या गाड्यांना जन्मभर हात लावूनच चालवलं गेलं, पण ते जाऊ द्या. परीक्षक टोपी घालून, टॉर्च घेऊन गाडीखाली झोपत होते. गुडघ्यावर बसणारा परीक्षक म्हणजे पक्का, झोपणारा म्हणजे महापक्का. लोक येत होते आणि येणारा प्रत्येक जण तेच एक वाक्य म्हणत होता: 'आमच्याकडे होती.' होती, होती. सगळ्यांकडे होती. विकली कुणी मग? मेहुण्यांच्या जावाला हॉर्नच्या स्क्रूवरून दोन गुण कमी पडले. स्क्रू फिलिप्सचा निघाला, सरळ खाचेचा हवा होता. मेहुणे त्या रात्री जेवले नाहीत.

नाही, चुकलो. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही, त्याचं कारण वेगळं. परतताना कात्रजच्या अलीकडे अंधार पडला आणि सहा व्होल्टांनी मान टाकली. दोष गाडीचा नाही, मेहुण्यांच्या सोवळ्याचा. मी मागे बसून मेहुण्यांच्या खांद्यावरून हात पुढे काढून मोबाइलचा टॉर्च धरला. जगातली बहुधा ती पहिली जावा, जिचा हेडलाइट मागच्या माणसाच्या हातात होता. एका चौकात पोलिसानं थांबवलं. कुठे निघालात, म्हणाला. मेहुणे शांतपणे म्हणाले, 'दुरुस्तीला.' कायदा आमच्या बाजूनं होता. पुढच्याच वळणावर पॉइंटही बसले आणि गाडी थांबली.

मिस्त्रींना फोन केला. ते पंचवीस मिनिटांत आले. आले हे आम्हाला जवळ येईपर्यंत कळलंच नाही, कारण आवाज नव्हता. नवी चेतक, बॅटरीवरची.

'मिस्त्री, तुम्ही? यावर?'

'किक नाही, प्लग नाही, धूर नाही', ते म्हणाले. 'दिवसभर तुमचंच करतो की. घरी जाताना तरी डोक्याला आराम नको?'

त्यांच्या डिकीत वर्तमानपत्राचं ते पुडकं होतं. मेहुण्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, परीक्षकांच्या टॉर्चची आठवण काढली आणि नको म्हणाले. जावा टेम्पोतून घरी आली.

तेव्हा वाचकांना विनंती. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा आजोबांच्या ट्रंकेत १९७० च्या जावाच्या हॉर्नचा सरळ खाचेचा स्क्रू असेल, तर या सदराच्या पत्त्यावर कळवा. मेहुणे मागाल ती किंमत देतील. फक्त वहिनींना सांगू नका.