कमी चाललेली गाडी नळदुर्गला द्या

सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना माणूस तो किती तास चालला ते विचारतो, बैल घेताना दात बघतो. ट्रॅकसाठी बनवलेली इटलीची मोटार विकायला निघते तेव्हा मात्र ती कशी चालते यापेक्षा ती किती चालली नाही याचंच कौतुक जास्त असतं. जितके किलोमीटर कमी, तितका विकणाऱ्याचा आवाज चढा. म्हणजे हा गृहस्थ मोटार विकत नाही, मोटार न चालवण्यात घालवलेली वर्षं विकतो. हे एकदा मान्य केलं की पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही: अशी गाडी मुंबई-दिल्लीच्या तळघरात ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिची खरी जागा धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गाला.

आधी वस्तू नीट बघू. लॅम्बोर्गिनी हुराकान एसटीओ २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा शोरूममधला भाव होता ४.९९ कोटी. पाठीमागे ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, ताकद ६४० अश्वशक्ती, ताशी १०० चा वेग ३ सेकंदांत. आत गालिचा नाही, त्याच्या जागी कार्बन फायबर. पुढच्या डिकीत हेल्मेट मावतं, पिशवीचं मात्र विचारू नये. ही परंपरा जुनी आहे. १९८७ च्या फेरारी एफ ४० मध्ये रेडिओ नव्हता आणि दार आतून उघडायला दोरी ओढावी लागे. ट्रॅकची गाडी म्हणजे जिच्यातलं सुख काढून घेतलं आणि काढल्याबद्दल जादा पैसे लावले ती. कडक बैठक, कानठळ्या बसवणारा आवाज आणि हाडं मोजून देणारे धक्के हे सगळं आपल्या एसटीनं पिढ्यान्‌पिढ्या तिकिटाच्या दरात दिलं, वर सामानाला जागाही ठेवली. तेव्हा गैरसोयीचं अप्रूप वाटून नळदुर्गकर फसेल, ही भीती नको.

पहिला आक्षेप रस्त्याचा येणार. सोलापूर–हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो हे खरं, पण चौपदरी महामार्गावर कायदा मोटारीला ताशी १०० पर्यंतच मुभा देतो. म्हणजे कायदेशीर आनंद तिसऱ्या सेकंदाला संपतो आणि पुढे नुसतं स्टिअरिंग धरून बसणं उरतं. महामार्ग सोडून गावात वळावं तर स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर हे माप वाचून जन्माला येत नाहीत. टायर जवळजवळ गुळगुळीत, ते पावसात घसरतात म्हणावं, तर ती काळजी आमच्या जिल्ह्याच्या पर्जन्यमानानं परस्पर मिटवली आहे. राहता राहिली तुळजापूरला नेऊन पूजा करण्याची गोष्ट. चाकाखाली लिंबू ठेवावं म्हटलं, तर गाडीचं नाक इतकं खाली की जरा पुढे सरकवून ठेवलेलं लिंबू आधी तिथंच लागायचं. लिंबाला काही होणार नाही, कार्बन फायबरचं बिल मात्र मुंबईहून येईल. पण या साऱ्या अडचणी गाडी चालवण्याच्या आहेत. ती चालवायचीच नाही, हे वर ठरलंय.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हातात आलेली वस्तू न वापरता ठेवणं मराठी माणसाला जमेल का? इथं साक्ष खुद्द तेंडुलकरांची. २००२ मध्ये सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली आणि किल्ली दिली मायकेल शूमाकरनं. मग तिच्यावरचं सुमारे १.१३ कोटींचं आयात शुल्क माफ करायचं की नाही यावर देशभर वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटनं भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'फेरारी की सवारी' या सिनेमात सचिनची फेरारी नेली जाते ती लग्नाच्या वरातीसाठी. चेष्टा सोडा, पण ६४० अश्वशक्तीला आपल्या समाजात सापडलेला एवढा एकच प्रामाणिक उपयोग आहे. तिथंही वेग बँडवाला ठरवतो.

नळदुर्गाला मात्र भव्य वस्तू बिनकामाची सांभाळायचा चारशे वर्षांचा सराव आहे. इथल्या किल्ल्याच्या उपळी बुरुजावर चढून बघा: लांबलचक तोफा पडल्या आहेत, त्यांतल्या एकीला मगरीचं तोंड. शेवटचा गोळा कधी सुटला हे कुणी विचारत नाही. लोक येतात, तोंडात हात घालतात, फोटो काढतात. खाली बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. बोरी भरून आली की नर आणि मादी हे दोन धबधबे वरून कोसळतात आणि महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. हा देखावा नदीला पाणी असेल तेवढेच दिवस, पण म्हणून पाणीमहालाचा पैसा वाया गेला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मग मोटारीनंच काय घोडं मारलंय?

पैशाचं काय, हा शेवटचा आक्षेप. एकट्यानं घेऊच नये. इथला खंडोबा वर्षातले सुमारे दोन महिने नळदुर्गात आणि बाकीचा काळ शेजारच्या अणदूरला असतो. देव एक, गावं दोन, आणि नेण्या-आणण्याचा रिवाज मानकरी सांभाळतात. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म एवढे चोख कधी भरले गेले नसतील. देवाची बरोबरी करायची नाही, पण व्यवस्था उसनी घ्यायला हरकत नसावी. वर्गणी दोन्ही गावांची, मुक्काम ठरलेला, नळदुर्गाची पाळी पौष पौर्णिमेच्या यात्रेला धरून. घोळ फक्त ने-आणीचा. गाडी स्वतःच्या चाकांवर नेली तर दरवर्षी मीटर वाढणार आणि भाव पडणार. तेव्हा ती ट्रकवर चढवून न्यावी लागेल. त्या ट्रकचं भाडं कोणत्या गावानं द्यायचं, हे पहिल्याच बैठकीत कागदावर घ्यावं.