दिली ओसरी : जिंकलेल्या देशात मुक्काम लांबवण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! युद्ध तुम्ही जिंकलात. राजधानीतला पुतळा पाडून झाला, छायाचित्रे जगभर गेली. आता उरला एकच अवघड प्रश्न : इथून निघायचे कधी? नवशिके इथेच गडबडतात आणि तारीख सांगून मोकळे होतात. तसे होऊ नये म्हणून अनुभवी मंडळींच्या कामगिरीवरून हे धडे काढले आहेत. अभ्यासाला मुख्यतः इराक घ्यावा. शंभर वर्षांच्या आत तिथे हा प्रयोग दोनदा झाला.

पायरी 1 : पहिल्याच दिवशी सांगा, आपण राहायला आलेलो नाही.
मार्च 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश सेनापती मॉड यांनी जाहीरनामा काढला की, आपले सैन्य जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आले आहे. त्या सैन्यात हिंदी शिपाई हजारोंनी होते. आदल्याच वर्षी कूटच्या वेढ्यात शरण गेलेली फौज तर सहावी पूना डिव्हिजन, मराठा पलटणींसकट. पुढे 1932 मध्ये इराक कागदोपत्री स्वतंत्र झाला. हवाई तळ मात्र साहेबांकडेच राहिले. 1941 मध्ये तिथले सरकार डोईजड झाले, तेव्हा फौजा पुन्हा बगदादवर चालून गेल्या. मुक्तिदात्यांना परतायची घाई नसते.

पायरी 2 : तिथले सैन्य मोडीत काढा.
ही पायरी नीट जमली की पुढचे आपोआप जमते. 1 मे 2003 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी युद्धनौकेवर उभे राहून मोठ्या लढाया संपल्याचे जाहीर केले. मागे कामगिरी फत्ते झाल्याचा फलक होता. तीन आठवड्यांनी, 23 मे रोजी, त्यांचे बगदादमधले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमाने इराकी सैन्य बरखास्त केले. काही लाख माणसे, हाताला शस्त्राची सवय, घरात पगार नाही. त्यातले काही बंडखोरांना जाऊन मिळाले, रस्तोरस्ती स्फोट होऊ लागले, आणि देश सांभाळायला तुमच्याशिवाय कोणी उरले नाही. आता ‘आम्ही गेलो तर अराजक माजेल’ हे वाक्य तुम्हाला खोटे न बोलता म्हणता येईल.

पायरी 3 : तारीख विचारली की ‘परिस्थिती’ म्हणा.
यातले उस्ताद इजिप्तमधले ब्रिटिश. 1882 मध्ये ते बंड मोडायला गेले. लवकरच निघतो, असे वारंवार सांगत राहिले आणि निघाले 1956 च्या जूनमध्ये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुवेझसाठी पुन्हा हजर!

पायरी 4 : खर्च यजमानाच्या माथी मारा.
इथे आपल्या घरचा दाखला आहे. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज कायमची पत्करली आणि तिच्या खर्चापोटी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. फौज होळकरांपासून रक्षणासाठी होती. 1818 मध्ये पेशवाई बुडवली ती कंपनीनेच.

पायरी 5 : पाटी बदला, खाट हलवू नका.
28 जून 2004 रोजी, ठरल्याच्या दोन दिवस आधी, छोटेखानी समारंभात इराकला सार्वभौमत्व परत मिळाले. अमेरिकी सैनिक होते तिथेच राहिले. 2011 च्या डिसेंबरात ते खरोखर गेले, कारण मुदत करारात लिहिलेली होती आणि त्यांना इराकी कायद्यापासून संरक्षण देत राहायला बगदाद तयार झाले नाही. 2014 मध्ये मोसुल शहर बंडखोरांच्या हाती पडल्यावर बगदादनेच मदत मागितली, तेव्हा ते सल्लागार म्हणून परतले. जानेवारी 2020 मध्ये संसदेने परकी सैन्ये हटवण्याचा ठराव केला, तरी मुक्काम लगेच हलला नाही.

कटाक्षाने टाळायची चूक
ढाका. 16 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी सैन्य शरण आले आणि 12 मार्च 1972 ला भारतीय सैन्याने निरोपाचे संचलन केले. तीन महिनेही झाले नव्हते! कारभार हाती घ्यायला निवडणूक जिंकलेला नेता होता, आणि फौजा परत न्या असे शेख मुजीब यांनी इंदिराबाईंना सांगितले होते. असा यजमान भेटला तर मुक्काम लांबवणे कठीण. पण निराश होऊ नका. याच सैन्याला 1987 मध्ये श्रीलंकेत शांतता राखायला पाठवले, तेव्हा ते मार्च 1990 पर्यंत अडकले, अकराशेहून अधिक जवान गमावले, आणि शेवटी अध्यक्ष प्रेमदासांनाच ‘आता निघा’ म्हणावे लागले.

एक शंका
दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहून भलेच झाले ना, असे कोणी विचारील. जपानमध्ये अमेरिकेने सम्राट ठेवला, कारकून-कचेऱ्या ठेवल्या आणि त्यांच्याकडूनच राज्य चालवले. म्हणून 1952 मध्ये ताबा सोडता आला. तरीही ओकिनावा 1972 पर्यंत हाताखाली ठेवले, आणि तळ अजून आहेतच.

आता मार्गदर्शिका मिटा, कारण खरे उत्तर हिच्यात बसत नाही. राज्य चालवणारी माणसे जागेवर ठेवली, तर फौजेचे काम कधीतरी संपते. ती हाकलली, तर वर्षे पुरत नाहीत, आणि प्रत्येक वर्ष पुढच्या वर्षाची सबब तयार करते. म्हणून वाचकहो, कुठलेही सरकार ‘लवकरच परत येऊ’ म्हणत फौज परदेशी पाठवील, तेव्हा दोनच गोष्टी विचारा : तारीख कोणती, आणि ती तिथल्या कोणी ठरवली?