आधीचं ते सोनं

मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला की अस्सल चाहत्याला तो ऐकावा लागत नाही. निकाल तयारच असतो : १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची सर नाही!

ही परंपरा जुनी आहे. १९८४ साली बँडने एक संथ गाणं केलं, तेव्हाच काहींनी ‘हे विकले गेले’ म्हणून हात झटकले. १९८८च्या अल्बमबद्दल तक्रार अशी की बास गिटार ऐकूच येत नाही. १९९१चा काळा अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला. एवढ्या लोकांना आवडतं म्हणजे वाईटच असणार. १९९६मध्ये ‘लोड’ आला, पण समीक्षा झाली ती बँडने कापलेल्या केसांची. २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये गिटारचे सोलो गायब आणि ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा, म्हणून शिव्या. २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये सोलो परतले, वेगही परतला. मग ‘स्वतःचीच नक्कल करतात’, शिवाय ‘आवाज फार चढवलाय’!

गंमत म्हणजे ज्याला तेव्हा नाकं मुरडली, त्या ‘लोड’मध्ये आता अनेकांना खोली सापडू लागली आहे. २०२३च्या ‘सेव्हन्टी टू सीझन्स’चा विषय आहे माणसाला घडवणारी पहिली अठरा वर्षं. बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड साठीच्या उंबरठ्यावरून त्या वयाकडे मागे वळून बघतो. चाहत्याला ती गरज नाही. तो तिथून हललेलाच नाही. तेव्हा हा अल्बम आज टाकाऊ ठरला तरी घाबरू नये. २०४३पर्यंत तो अभिजात होईल.